आत्याचा कागद

चातुर्मासात आमच्या महिला मंडळाचं रविवारी दुपारी बस्तीच्या मागच्या खोलीत शास्त्रवाचन असतं. वाचन आटोपलं की कुणीतरी चार शब्द बोलायचे, असा आमचा प्रघात. मी शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली, त्यामुळे वर्षातून एकदोनदा माझी पाळी ठरलेलीच. त्या रविवारी मी बायकांच्या वारसाहक्काबद्दल बोलले. सगळ्या उठल्या, पण तिशीतली एक जण चपला शोधायच्या निमित्ताने दारातच घुटमळत राहिली. बाकीच्या फाटकाबाहेर गेल्यावर हळूच म्हणाली, "मावशी, एक विचारू काय? आमचं दोघांचं पटत नाही. भांडण काय नाही आता, दोघांनाबी नकोच झालंय. मग कोर्टाला कशाला जायचं? घरचे म्हणालेत, पाच माणसं बसवून बाँडवर लिहून घेऊ. तसं चालत नाही काय?"

मी तिला लगेच उत्तर दिलं नाही. "पुढच्या रविवारी जरा लवकर ये, तुला एक कागद दाखवते," एवढंच म्हटलं. तो कागद माझ्या आत्याचा. तिच्या माघारी तिची पत्र्याची ट्रंक माझ्याकडे आली, तिच्यात लुगड्यांच्या तळाशी घडी घालून ठेवलेला होता. साल १९५९. तीन वर्षांपूर्वीच बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलेलं, म्हणून स्टॅम्प म्हैसूरचा आणि मजकूर मराठी. खाली दोघांच्या सह्या आणि पाच पंचांची नावं. मजकूर सात-आठ ओळींचा. आम्ही उभयतां परस्पर संमतीने विभक्त राहत आहोत, यापुढे एकमेकांवर कसलाही हक्क उरलेला नाही, आणि खावटीबद्दल कुठेही तक्रार करणार नाही, एवढाच.

"परस्पर संमती" हे दोन शब्द आज कौटुंबिक न्यायालयात रोज ऐकू येतात. आत्याच्या कागदावरही तेच आहेत. पण आजच्या बाईला ते शब्द मोकळं करतात, आणि आत्याला त्यांनीच अडकवून ठेवलं. असं का झालं, हे समजून घ्यायचं तर जरा मागे जावं लागतं.

आपल्या भाषेत नवराबायको वेगळे होण्याला कितीतरी शब्द आहेत. फारकत, सोडचिठ्ठी, काडीमोड, घटस्फोट. त्यात घटस्फोट हा आज सगळ्यांत शिष्ट वाटणारा शब्द, पण त्याचा मूळचा अर्थ ऐकला तर अंगावर काटा येईल. धर्मशास्त्रात घटस्फोट हा लग्न मोडण्याचा विधी नव्हताच. जातीतून पतित झालेल्या माणसाला त्याचे आप्त बाहेर काढत, तेव्हा पाण्याने भरलेला घडा दासीकडून पायाने लवंडून देत. त्या दिवसापासून तो माणूस त्यांच्या लेखी मेला. पुढे हा शब्द नवराबायकोच्या ताटातुटीला लावला गेला. त्या शब्दाला अजून वाळीत टाकल्याचा वास येतो तो उगीच नाही.

काडीमोड हा शब्द मात्र शेतकऱ्यांचा, कारागिरांचा. पंचांसमोर गवताची काडी मोडून दोन तुकडे करायचे, की नातं मोडलं. १८२७ साली आर्थर स्टील या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनमधल्या जातींच्या चालीरीती गोळा करून ग्रंथ छापला. कितीतरी जातींत वेगळं होण्याची आणि पाट लावण्याची वहिवाट होती, हे त्यात दिसतं. वरच्या म्हणवणाऱ्या जातींत मात्र बाईचं लग्न एकदाच. आमच्यातल्या शेतकरी जैनांत विधवेचं पुन्हा लग्न लागत असे. मराठीत त्याला पाट म्हणत, कानडी घरांत उडकी.

म्हणजे जुन्या काळी सहमतीने वेगळं होणं होतंच, असं कुणी म्हणेल. होतं. पण पंचांसमोर बोलायचं कुणी? बाईच्या बाजूने बहुतेक वेळा तिचा बाप नाहीतर भाऊ बोले. पंच सगळे पुरुष. त्यांनी मोडलं म्हटलं की मोडलं, नाही म्हटलं की नाही.

पुढे इंग्रजांची न्यायालयं आली आणि या वहिवाटीलाच हात घातला गेला. १८७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका खटल्यात सांगितलं, की लग्न रद्द ठरवण्याचा किंवा बाईला दुसरं लग्न करायची परवानगी देण्याचा जातीला अधिकार नाही. ऐकायला बरं वाटतं, जातीची मनमानी थांबली म्हणून. पण जातपंचायतीच्या परवानगीने दुसरा संसार मांडलेली बाई त्यामुळे फौजदारी गुन्हेगार ठरू लागली. एक दार बंद केलं आणि दुसरं काही उघडून दिलं नाही. दोघांच्या करारानेच वेगळं होण्याची एखाद्या जातीची रूढी असेल तर ती अनीतीची नाही, असं मद्रास उच्च न्यायालयाने १८९४ मध्ये म्हटलं खरं. पण तिथेही आधी रूढी सिद्ध करायची होती.

ज्या घरांत काडीमोडही नव्हती, तिथल्या बाईची गत रखमाबाईंच्या खटल्यात दिसली. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाई नवऱ्याकडे नांदायला गेल्याच नाहीत. १८८४ मध्ये नवऱ्याने मुंबईत दावा लावला. १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. मी तुरुंगात जाईन, असं त्या म्हणाल्या. शेवटी १८८८ मध्ये तडजोड झाली, नवऱ्याने दोन हजार रुपये घेतले आणि हुकूम बजावायचं सोडून दिलं. तडजोड दोघांची होती. पण त्या तडजोडीला घटस्फोट म्हणायला हिंदू कायद्यात जागाच नव्हती. रखमाबाई पुढे विलायतेला जाऊन डॉक्टर होऊन आल्या.

आता आमच्या बेळगावच्या आसपास बघा. आमचं गाव चार वाटांवरचं. नैऋत्येला घाट उतरलं की गोवा. तिथे पोर्तुगीजांचं राज्य. पोर्तुगालमध्ये १९१० च्या ऑक्टोबरात राजा जाऊन प्रजासत्ताक आलं, आणि महिन्याभरात, ३ नोव्हेंबर १९१० ला, घटस्फोटाचा कायदा झाला. त्यात परस्पर संमतीचा घटस्फोट लिहिलेला होता. लग्नाला दोन वर्षं झालेली हवीत आणि दोघांचीही पंचवीस वर्षं पूर्ण झालेली हवीत, एवढ्या अटी. तो कायदा गोव्यात आजही चालतो. गोव्यातल्या हिंदूंसाठी १८८० ची रूढींची वेगळी संहिताही होती, आणि कायद्यात असलेलं दार उघडायला माहेर पाठीशी लागतंच, ही गोष्ट निराळी. पण कागदावर तरी ते दार होतं.

उत्तरेला कोल्हापूर. शाहू महाराजांच्या दरबारने १९१९ मध्ये काडीमोडीचा कायदा केला. दूर बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनी १९३१ मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. मधल्यामध्ये आम्ही इंग्रजी मुलखातले. आमच्या मुंबई इलाख्यात तो कायदा आला १९४७ मध्ये. मला मोठी गंमत वाटते ती याची, की माझ्या आजीच्या तीन बहिणी तीन राज्यांत दिल्या होत्या. एकाच आईच्या लेकी, एकाच बस्तीत वाढलेल्या, आणि संसार मोडायची वेळ आली असती तर तिघींना तीन वेगळे कायदे लागले असते.

१९४७ च्या मुंबईच्या कायद्यात कारणं मोजकी होती. जोडीदार नपुंसक असणं, सात वर्षं वेड किंवा महारोग असणं, चार वर्षं टाकून जाणं, सात वर्षं बेपत्ता असणं, नवऱ्याने रखेली ठेवणं, असली. म्हणजे दोघांतल्या एकाने दुसऱ्याचा दोष सिद्ध करायचा. "आम्हां दोघांनाही नको आहे" हे कारण त्यात नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर हिंदू संहितेवरून काय वादळ उठलं ते आपण शाळेत शिकलो. डॉ. आंबेडकरांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं, त्याचं हे एक मोठं कारण. पुढे त्या संहितेचे तुकडे करून कायदे झाले. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात, म्हणजे ज्याला आपण रजिस्टर लग्न म्हणतो त्यात, परस्पर संमतीचा घटस्फोट पहिल्यापासून होता. पण १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात तो नव्हता. आणि आम्हां जैनांना लागला तो हा दुसरा कायदा. त्यात बौद्ध, जैन, शीख अशी नावं स्पष्ट घेतलेली आहेत. छळ झाला किंवा नवऱ्याने टाकलं, तर १९५५ च्या कायद्याने आधी फक्त न्यायिक फारकत मागता येई, थेट घटस्फोट नाही. त्याच कायद्याने नवऱ्याला दुसरी बायको करायची मात्र बंदी केली.

आत्याचा कागद नेमका या फटीतून जन्मला. तिचं लग्न १९५३ मधलं, वय सतरा. पाच वर्षांत मूल झालं नाही. सासरी दुसऱ्या सुनेची चर्चा सुरू झाली. आधीच्या काळी दुसरी सरळ आणली असती. आता कायदा आडवा आला. मग कुणीतरी युक्ती सांगितली, की रूढीने होणारी सोडचिठ्ठी या कायद्याने रद्द केलेली नाही. ते खरंच होतं. एकोणतिसाव्या कलमात रूढीचा घटस्फोट राखून ठेवलेला आहे. "आपल्यात पूर्वीपासून चालतं" म्हणून पाच माणसं बसली, स्टॅम्प आणला, आणि आत्याला आतून बोलावून सही घेतली. ती चौथीपर्यंत शिकलेली. अक्षर वळणदार आहे तिचं.

आपल्यात विधवेची उडकी होत होती, म्हणून जित्या नवऱ्याची सोडचिठ्ठीही होत होती, असा हिशेब त्या माणसांनी केला असावा. कायदा असं मानत नाही. रूढी म्हणजे फार जुनी, अखंड चालत आलेली, त्या समाजाने बंधनकारक मानलेली, आणि कोर्टात पुराव्याने सिद्ध केलेली. कर्नाटकातूनच गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये हेच पुन्हा बजावलं. नुसत्या सोडपत्राने लग्न मोडत नाही, तशी रूढी आहे असा दावा मांडून तो सिद्ध करावा लागतो. त्याही खटल्यात सोडपत्र होतं, आणि सही दडपणाखाली घेतली असं बायकोचं म्हणणं होतं.

म्हणजे आत्याची सोडचिठ्ठी कायद्याने बहुधा झालीच नव्हती. नवरा मात्र सहा महिन्यांत बोहल्यावर चढला.

दोन वर्षांनी आजोबांनी फौजदारी कोर्टात तिच्या खावटीचा अर्ज केला. तेव्हा १८९८ ची जुनी फौजदारी संहिता होती, कलम ४८८. त्यात एक पोटकलम असं, की नवराबायको परस्पर संमतीने वेगळे राहत असतील तर बायकोला खावटी मिळणार नाही. समोरच्या वकिलाने तो कागद काढून टेबलावर ठेवला. बाईंची सही आहे की नाही एवढंच विचारलं. सही होतीच. आजोबांनी दोन तारखांनंतर अर्ज सोडून दिला. लढले असते तर काय झालं असतं ते सांगता येत नाही. नवऱ्याने दुसरी केली, ही आत्याच्या बाजूची मोठी गोष्ट होती. पण गावात तोंड दाखवायचं होतं, आणि पाठीमागे लग्नाच्या अजून दोन लेकी होत्या.

एका कागदाने किती कामं केली पाहा. नवऱ्याला गावाच्या लेखी मोकळं केलं. आत्याला कायद्याच्या लेखी बांधून ठेवलं. आणि त्यातल्या "परस्पर संमतीने" या शब्दांनी तिची पोटगी घालवली. ती माहेरी राहिली. शिवणाचं मशीन चालवलं, उन्हाळ्यात लोकांच्या शेवया आणि पापड करून दिले. आमच्या घरच्या रेशनकार्डावर तिचं नाव शेवटपर्यंत होतं.

१९७६ मध्ये कायदा बदलला. त्याआधी १९७४ मध्ये विधी आयोगाने आपल्या एकोणसाठाव्या अहवालात विवाह कायद्यांचा फेरविचार केला होता. स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या समितीचा मोठा अहवालही त्याच सुमारास आला. २७ मे १९७६ पासून हिंदू विवाह कायद्यात "तेरा ब" हे कलम आलं, परस्पर संमतीने घटस्फोट. आणि ते आधी झालेल्या लग्नांनाही लागू केलं.

मी तेव्हा कॉलेजात होते. त्या दिवाळीनंतर आत्याच्या सासरची दोन माणसं आमच्या सोप्यात येऊन बसली, ते मला चांगलं आठवतं. सतरा वर्षांनी. नव्या कायद्याचं त्यांना कुणी वकिलाने सांगितलं होतं. दोघांनी कोर्टात एकदा सही करून टाकू, म्हणजे सगळं स्वच्छ होईल, असं त्यांचं म्हणणं. आत्या चहाचे कप ठेवून तिथेच उभी राहिली. म्हणाली, "आणि सतरा वर्षांच्या खावटीचं काय?" त्यातले थोरले म्हणाले, "खावटी कसली? तुम्हीच नको म्हणून लिहून दिलंयसा की." आत्या म्हणाली, "तवा मला कोण विचारलं काय? सही कर म्हटले, केली. आज विचारालासा. आज मी नको म्हणते."

ती माणसं आणखी दोनदा आली. तिने सही केली नाही. आजी चिडली, "आता धरून काय ठेवायचंय?" म्हणाली. मलाही तेव्हा आत्याचं वागणं हट्टाचं वाटलं. तिने नाही म्हणून तिला काही मिळालं नाही. नवऱ्याच्या दुसऱ्या संसाराचंही काही अडलं नाही. अशा लग्नाच्या मुलांना औरस मानण्याची तरतूद कायद्यात होती, १९७६ मध्ये ती आणखी पक्की झाली. तरी आज वाटतं, तिच्या सहीला काही किंमत आहे हे तिला आयुष्यात पहिल्यांदा त्या दिवशी कळलं असावं. आणि ती सही तिने फुकट दिली नाही.

पुढच्या रविवारी ती मुलगी आली. कागद वाचून बराच वेळ गप्प बसली. मग मी तिला कोर्टातली सहमती कशी असते ते सांगितलं. तेच इथे लिहिते, कारण तिच्यासारख्या आणखी असतील.

लग्नाला निदान एक वर्ष झालेलं हवं, आणि एक वर्षापासून दोघं वेगळं राहत असायला हवीत. वेगळं राहणं म्हणजे वेगळ्या घरातच असं नाही. एका छपराखाली राहूनही नवराबायकोचं नातं उरलेलं नसेल, तर ते वेगळं राहणंच, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितलं आहे. मग दोघांनी मिळून एकच अर्ज करायचा. एकत्र राहणं शक्य नाही, आणि लग्न संपवावं हे दोघांनी मिळून ठरवलंय, एवढंच त्यात सांगायचं. दोष कुणाचा ते लिहावं लागत नाही, सिद्ध करावं लागत नाही. लग्न जिथे झालं, शेवटी एकत्र जिथे राहिलात, अशा ठिकाणच्या कोर्टात हा अर्ज चालतो. बायकोला स्वतः दावा लावायचा असेल तर ती राहते तिथे लावायची सोयही २००३ पासून झाली आहे.

अर्ज दिला की दोघांचे जबाब होतात. त्यानंतर कायद्याने सहा महिने थांबायचं, आणि सहा ते अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा येऊन सांगायचं, की आमचं म्हणणं तेच आहे. न्यायाधीश पुन्हा विचारतात. खात्री पटली तर हुकूमनामा देतात. त्या दिवसापासून लग्न संपलं.

हे सहा महिने अनेकींना जाच वाटतात. ठरलंय तर उगीच कशाला लोंबकळायचं? २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हा काळ माफ करता येतो. अर्जाच्या आधीच दीड वर्ष वेगळं राहणं झालेलं हवं, समेटाचे प्रयत्न थकलेले हवेत, पोटगी आणि मुलांचा ताबा यांचा निकाल लागलेला हवा, आणि आणखी थांबण्याने नुसता त्रासच वाढणार असेल, तर न्यायाधीश माफी देऊ शकतात. योग्यच आहे ते. २०२३ मध्ये घटनापीठाने त्याच्याही पुढे जाऊन, सुधारण्यापलीकडे मोडलेलं लग्न आपण आपल्या खास अधिकारात संपवू शकतो, असं म्हटलं. पण तो अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाचा, आपल्या जिल्ह्याच्या कोर्टाचा नव्हे.

मला मात्र त्या सहा महिन्यांत आत्याचा सोपा दिसतो. आतून बोलावून, पदराने हात पुसत आलेल्या बाईकडून घेतलेली सही आणि सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा विचारून घेतलेली सही, यांत फरक आहे. मधल्या काळात मन बदललं तर ते सांगता येतं. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कुणालाही संमती मागे घेता येते, हे त्याच १९९१ च्या निकालात आहे. आणि २००९ च्या निकालात असं, की दुसऱ्या वेळी कुणी आलंच नाही, तर गप्प राहण्याचा अर्थ होकार असा धरता येणार नाही. आत्याच्या वेळी तिच्या गप्प राहण्यालाच सगळ्यांनी होकार धरलं होतं.

पैशाचं लाजू नका, हे मी त्या मुलीला दोनदा सांगितलं. आपल्यात अपरिग्रहाची शिकवण लहानपणापासून असते. "मला काही नको, सुटका करा" असं म्हणणाऱ्या लेकींचं घरात कौतुक होतं. अपरिग्रह हे व्रत आहे, ते ज्याचं त्याने घ्यायचं असतं. दुसऱ्याने आपल्याकडून लिहून घ्यायचं नसतं. तडजोडीचा मसुदा अर्जासोबतच द्यायचा, आणि त्यात सगळं स्वच्छ लिहायचं. एकरकमी किती, कधी, कशी देणार. स्त्रीधनातलं काय परत मिळालं, काय मिळायचंय. मुलं कुणाकडे, भेट कधी, शिक्षणाचा खर्च कुणाचा. आधीच्या तक्रारी मागे घ्यायच्या असतील तर कोणत्या टप्प्यावर. रक्कम दोन हप्त्यांत असली तर शेवटचा हप्ता दुसऱ्या जबाबाच्या वेळी हातात पडेल असं ठरवायचं. मुलाच्या पोटगीचा हक्क तर मुलाचा, आईने नको म्हणून लिहून दिलं तरी तो जात नाही.

आणि ज्या शब्दांनी आत्याची खावटी घालवली, त्यांचं काय? परस्पर संमतीने वेगळं राहणाऱ्या बायकोला पोटगी नाही, हे पोटकलम १९७३ च्या संहितेतही १२५ व्या कलमात राहिलं, आणि आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमातही आहे. पण १९९५ मध्ये, तेही कर्नाटकातल्याच एका बाईच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने उलगडा केला. ते पोटकलम लग्न टिकून असताना वेगळं राहणाऱ्यांसाठी आहे. परस्पर संमतीने कोर्टातून रीतसर घटस्फोट झालेल्या बाईची पोटगी त्याने जात नाही. म्हणजे बाँडवरची सहमती आणि कोर्टातली सहमती, शब्द तेच असले तरी आजही कायद्याच्या लेखी एक नाहीत.

आमच्या भागात आणखी एक गोष्ट बघावी लागते. कोर्टाचे कागद इंग्रजीत नाहीतर कानडीत. आमच्या कितीतरी लेकी मराठी शाळेत शिकलेल्या. आत्याला तिचा कागद निदान वाचता येत होता, त्याचा अर्थ कळला नव्हता. आताच्या मुलींना कधीकधी वाचताही येत नाही. मसुद्यातली ओळ अन् ओळ वकिलाकडून मराठीत समजून घ्यायची, शक्य तर आपला वेगळा वकील करायचा, आणि समजेपर्यंत सही करायची नाही. वेळ लागला तर लागू दे.

त्या मुलीने पंच बसवू दिले नाहीत. वर्ष सव्वा वर्षाने क्षमावाणीच्या दिवशी बस्तीत भेटली. "उत्तम क्षमा" म्हणून हात जोडले, आणि मग बाजूला घेऊन सांगितलं, की झालं सगळं. मी विचारलं, त्रास झाला काय? म्हणाली, "खरं सांगू काय मावशी, दुसऱ्या वेळी साहेबांनी विचारलं, तुमच्यावर कुणाचा दबाव नाही ना? मी नाही म्हटलं. तर ते परत म्हणाले, नीट विचार करून सांगा, मी थांबतो. आमच्या लग्नात मला असं कोण विचारलं नव्हतं बघा."

घरी येऊन मी ट्रंक उघडली. आत्याचा कागद घडीवर फाटायला आलाय. मागून खळीने पातळ कापड चिकटवलं आणि परत जागच्या जागी ठेवला. लागेल अजून कुणाला दाखवायला.